गच्चीवरचं साखरबीट

जानेवारीत मुलुंडच्या बाजारात पाल्यासकट बीट यायला लागलं की मी आधी पान उलटून बघते. शिरेच्या कडेला हिरवट ठिपके चिकटलेत का, कडा पिवळ्या पडून पान कागदासारखं करकरीत झालंय का. मग पाला आणि कंद जिथे भेटतात तिथे बोट फिरवते, मऊ लागतंय का ते पाहते. भाजीवाला वैतागतो. "मावशी, घ्यायचंय का नुसतं तपासायचंय?" मी घेते. घरात बीट कुणाला फारसं आवडत नाही, तरी घेते.

ही सवय आईची. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, मी दहावीला असताना, ती मला लागली. बाकी त्या वर्षातलं बरंच विसरले. दहावीला भूगोलात काय आलं होतं, आठवत नाही. गच्चीवरच्या ओल्या मातीचा वास मात्र थंडी पडली की येतोच, आणि त्याच्या मागोमाग एक दुपार येते. ती दुपार नको असते.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हणून गच्ची जवळजवळ आमचीच. एका बाजूला लांबवर डोंगर दिसायचे आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. हिवाळ्यात मिठागरांकडून खारट वारा यायचा आणि वाळत घातलेले कपडे ओठांना लागले तर चव कळायची. बाबा कीटकशास्त्रज्ञ. साकीनाक्याच्या अलीकडे एका खासगी संशोधन संस्थेत होते. रोज बसने पवईचा तलाव ओलांडून जायचे, आणि संध्याकाळी बुशशर्टाच्या खिशात काही ना काही किडा काचेच्या नळीत घालून घरी आणायचे. आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिने बुरशींवर एम.एस्सी. केलं होतं, पुढे संशोधनासाठी नाव नोंदवलं, लग्न झालं आणि मग मी झाले. आमच्याकडे हे सगळं असंच एका दमात सांगितलं जायचं. त्यातलं संशोधन कुठे गेलं, असं कुणी विचारायचं नाही. मीही नाही.

त्या काळात बाबांच्या संस्थेने साखरबीट हाती घेतलं होतं. हे आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे. पांढुरकं, निमुळतं, हातभर खोल जाणारं मूळ. त्यातून साखर निघते. उसाचा हंगाम संपला की कारखाने रिकामे उभे असतात, तेव्हा हे गाळता येईल अशी कल्पना होती. वर घाटावर कुठेतरी त्यांचा प्रयोगाचा मळा होता. त्या वर्षी उन्हाळा लागता लागता तिथलं पीक बसलं. गोणपाटात भरलेली झाडं संस्थेत आली, आणि त्यातली चार बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. जेवणाच्या टेबलावर कागद उलगडला तसा आंबूस वास स्वयंपाकघरभर पसरला.

"मावा," बाबा म्हणाले. "पानं बघ. पिवळी, जाड, करकरीत. ही बारीक कीड रस शोषते आणि विषाणू सोडून जाते. झाड खलास."

आईने पानाकडे बघितलंच नाही. तिने कंद उचलला, नखाने खरवडला. "अहो, हे बघा. खालून कुजलाय. हे पांढरे धागे बुरशीचे आहेत. आणि या मोहरीएवढ्या तपकिरी गोळ्या दिसतात ना, ते तिचंच बियाणं. जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं."

"ते मेल्यानंतर आलं असणार. मेलेल्यावर काय, काहीही येतं."

"आणि आधी आलं असेल तर?"

हे भांडण सबंध उन्हाळा आणि सबंध पावसाळा चाललं. पोळ्या लाटताना, दूध तापवताना, रविवारी केसांना तेल लावताना. "तुमचा मावा" आणि "तुझी बुरशी". मला वाटतं, माझे आईबाबा एकमेकांशी इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. त्यांच्या आवाजात एक चढ असायचा. बाबा ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी म्हणायचे, "कुमुद, मला एक मुद्दा सुचलाय." आई कणकेच्या हाताने बाहेर यायची.

गणपती झाल्यावर एकदा ती भांडी घासता घासता थांबली. "अहो, आपण दोघंही बरोबर असलो तर?"

"म्हणजे?"

"झाड मुळामध्ये जी साखर साठवतं ती पानातून येते. मावा लागला, पान आजारी पडलं, की मुळाला पुरेसं मिळत नाही. मूळ उपाशी. बुरशी जमिनीत होतीच. एरवी झाडाने तिला दाद दिली नसती. उपाशी मुळावर ती चढते." तिच्या हातातून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. "एकट्या माव्याने झाड पिवळं पडेल, जगेल. एकट्या बुरशीशी झगडेल. दोघं आली की नाही."

बाबांनी हात लांबवून नळ बंद केला. मग म्हणाले, "हे सिद्ध कसं करशील?"

"गच्ची आहे ना."

दिवाळीनंतर आमच्या गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या चार ओळी लागल्या. एका ओळीला काही नाही. एकीला फक्त मावा. एकीला फक्त बुरशी. आणि शेवटची ओळ दोघांची. माती आधी निर्जंतुक करायला हवी म्हणून आई ती पातेल्यात चाळणी ठेवून वाफवायची, मोदक वाफवावेत तशी. घरभर गरम मातीचा वास, गॅस पुन्हा पुन्हा संपतोय, आणि बाबा हसतायत. बुरशी वाढवायला तिने शिजवलेली ज्वारी सरबताच्या बाटल्यांत भरली, तोंडाला कापसाचे बोळे. आठवड्याभरात ज्वारी पांढऱ्या जाळ्यात गुरफटली आणि मग त्या जाळ्यावर मोहरीचे दाणे उगवले. मी ती बाटली उजेडात धरून तासन्‌तास बघत बसायची. भयंकर होतं ते, आणि सुंदर होतं.

साखरबीटाचं बी खडबडीत असतं. एका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं येतात. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची खुडायची. मला खुडवायची नाहीत. आई म्हणायची, "मिनू, सगळी ठेवलीस तर एकही नीट वाढणार नाही." मी डोळे मिटून उपटायची.

दुसऱ्या मजल्यावर सावंतकाकू राहायच्या. मालवणकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात वॉचमन झाले होते. गच्चीवरचं पाणी काकूंच्या खिडकीत ठिबकायचं. एक दिवस त्या कमरेवर हात ठेवून वर आल्या. "काय गो कुमुद, गच्चीर शेती करतंस? सगळा पाणी माज्या खिडकीत गळता हा!" मग डबे बघून नरमल्या. रोज संध्याकाळी येऊन बसायला लागल्या. कुठल्या ओळीत काय ते त्यांना माझ्याआधी पाठ झालं. "ह्यो रोगी," त्या दोघांच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्येका दृष्ट लागली." आई हसून सांगायची, "काकू, दृष्ट नाही, मीच लावलाय रोग." काकू कपाळाला हात लावायच्या.

जानेवारीत बाबांनी संस्थेतून रोगट माव्याची पानं जाळीच्या डबीत आणली. ते एकेक किडा माझ्या चित्रकलेच्या ब्रशाच्या ओल्या टोकावर उचलायचे आणि आई पान धरायची. दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. वर मच्छरदाणीचं कापड. मी वहीत नोंद करायची. अक्षर माझं चांगलं, म्हणून ते काम माझं. पाणी घालणंही माझं. सकाळी सहाला उठून पाणी, मग अभ्यास. गच्चीच्या कठड्याला टेकून मी सनावळ्या पाठ केल्या. फेब्रुवारी गेला, ऊन चढायला लागलं, आणि शेवटच्या ओळीतलं पहिलं झाड दुपारी मान टाकून बसलं. संध्याकाळी परत उभं राहिलं नाही.

माझी परीक्षा चालू होती तेव्हा ती ओळ झोपत गेली. फक्त माव्याची ओळ पिवळी पण उभी होती. फक्त बुरशीच्या ओळीत एखाददुसरं गेलं, बाकीची धडपडत राहिली. दोघांच्या ओळीत एक सोडून सगळी गेली. आईने शेवटचा डबा उलथा केला, मूळ हातात घेतलं, आणि बाबांसमोर धरलं. बाबांनी तिच्या मातीच्या हातासकट ते मूळ दोन्ही हातांत धरलं. "कुमुद," ते म्हणाले, "तू जिंकलीस." आई म्हणाली, "आपण."

त्या दिवशी तिचं तोंड कसं दिसत होतं ते मला सांगता येत नाही. ती तेव्हा चाळिशीची होती. पदर खोचलेला, नखांत माती. माझ्या शाळेच्या मैत्रिणी एखादी गोष्ट पहिल्यांदा जमली की दिसायच्या तशी दिसत होती.

एप्रिलभर दोघांनी टेबलावर बसून निबंध लिहिला. संशोधनाच्या एका नियतकालिकाला पाठवायचा होता. इंग्रजीत. खाडाखोड झाली की मी स्वच्छ प्रत करायची, मग ती स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासमध्ये द्यायची. पहिल्या पानावर शीर्षकाखाली दोन नावं. आईचं आधी. बाबांनीच सांगितलं होतं तसं. "प्रयोग तुझा, नाव तुझं पहिलं."

मग एका रविवारी दुपारी आई शाळेत पेपर तपासायला गेली होती. बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. हातात कागद.

"मिनू, पहिलं पान परत लिहायचंय. आणि शेवटचं."

मी पाहिलं. आईचं नाव पेन्सिलीने काटलं होतं. शेवटच्या पानावर एक ओळ वाढवली होती: कुंड्यांची निगा राखल्याबद्दल लेखक आपल्या पत्नीचा आभारी आहे.

"साहेबांनी वाचलं," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. "ते म्हणतात, संस्थेचं काम म्हणून पाठवायचं तर घरच्या बाईचं नाव कसं चालेल? लोक हसतील. प्रमोशनचा विषय आहे गं. पुढच्या पेपरात घालू. नक्की."

"आईला...?"

"मी सांगतो तिला."

बाबा वाईट नव्हते. मी हे आजही म्हणते. ते घाबरट होते. साहेबांचा आवाज चढला की त्यांचे कान लाल व्हायचे, हे मी एकदा त्यांच्या ऑफिसात पाहिलं होतं. ते सांगणार नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं होतं. आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी स्वतः लिहिलं असतं का, मला माहीत नाही. पण मी नाही म्हटलं नाही. मी पेनात शाई भरली आणि लिहायला बसले. आणखी एक गोष्ट आहे, जी मी कुणाला सांगितलेली नाही. लिहिताना मला थोडा आनंद झाला होता. बाबांनी काही तरी फक्त मला सांगितलं, आईला नाही, याचा. पंधरा वर्षांची होते. अक्षर छान आलं.

संध्याकाळी आई दमून आली. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "गेला का टायपिंगला?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या दिवाळीनंतर आईने पुन्हा डबे मांडले. एका हंगामावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणायची, दुसऱ्या वर्षीही तसंच घडलं पाहिजे. मी अकरावीला होते, कॉलेजच्या नव्या मैत्रिणींत रमलेली. पाणी आता तीच घालायची. रोपं चार-चार पानांवर आली होती तेव्हा छापील निबंधाच्या प्रती खाकी पाकिटातून आल्या. बाबांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि ते कधी नव्हे ते भाजी आणायला बाहेर पडले.

आई ओल्या हातांनी आली, पदराला हात पुसले, उभ्यानेच वाचलं. पहिलं पान. मग पानं उलटत शेवटचं. मी दाराशी होते.

"छान छापलाय," ती म्हणाली. मग दूध उतू जातंय का बघायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. एकेक डबा खाली आणून तिने माती वाफवली. सगळी. बुरशीची माती तशीच टाकली तर कुणाच्या तरी तुळशीला लागेल, म्हणून. घाई नाही, आदळआपट नाही. प्रत्येक खेपेला घड्याळ लावून, पूर्ण वेळ. बाटल्यांतली ज्वारी उकळली. मच्छरदाणीचे तुकडे धुऊन वाळत घातले. सावंतकाकू वाफेच्या वासाने वर आल्या आणि उपटलेल्या रोपांचा ढीग बघून थबकल्या.

"गो, काय झाला? सगळा काढलंस?"

"झालं काकू काम."

काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मग चांगल्या ओळीतली रोपं वेगळी करत म्हणाल्या, "ह्यो पालो बरो आसा. वाया कशाक घालवतंस?"

रात्रीच्या जेवणात लसूण घालून केलेली पालेभाजी होती. बाबांनी दोनदा वाढून घेतली. "मस्त झालीय गं. कसली?"

"बीटाच्या पाल्याची," आई म्हणाली. "गच्चीवरच्या."

बाबांचा घास हातात राहिला. आईने त्यांना आमटी वाढली, मला वाढली, स्वतःला घेतली. आम्ही तिघांनी ती भाजी संपवली. घरात त्यानंतर "तुमचा मावा" आणि "तुझी बुरशी" हे शब्द ऐकू आले नाहीत. संस्थेने दोनेक वर्षांत साखरबीट सोडून दिलं, त्यामुळे पुढचा पेपर झालाच नाही. बाबांना प्रमोशन मिळालं. फ्रिज आला. आई निवृत्त होईपर्यंत आठवीला पेशी आणि अमीबा शिकवत राहिली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची किल्ली तिच्याकडे असायची, पण पूर्वी शनिवारी दुपारी एकटीच जाऊन त्यात बघत बसायची, ते तिने सोडलं, कायमचं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, बाबांनी एकट्याने जे केलं ते कदाचित तिने सोसलं असतं. पुरुष तसेच असतात म्हणून, नोकरी आहे म्हणून, काही तरी म्हणून. पण हे माझं वाटणं. मी तिला विचारलं नाही, माझं सांगितलंही नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. मी स्वतः आई झाले, माझ्या मुलीचं अक्षर माझ्यासारखं निघालं, तेव्हाही नाही. प्रत्येक हिवाळ्यात ओठांपर्यंत यायचं, आणि मी बीट घेऊन घरी यायची.

मागच्या जानेवारीत आई अंथरुणाला खिळली होती. कमरेचं हाड मोडलं, त्यातून ती उठली नाही. डोकं मात्र लख्ख. एका दुपारी मी तिला भरवत होते आणि एकदम बोलून गेले. सगळं. रविवार, पेन्सिल, शाई. मला झालेल्या आनंदासकट.

तिने घास गिळला. पाणी मागितलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"बाबांनी सांगितलं?"

"नाही गं. टायपिंगवाल्याने हाताने लिहिलेले कागद परत पाठवले होते. बाबांच्या खणात होते, माझं नाव काटलेलं जुनं पान आणि नवं, दोन्ही. तुझं अक्षर मी ओळखणार नाही?"

"म्हणजे कधीपासून?"

"मे महिन्यापासून. तुझा निकाल लागायच्या आधी."

म्हणजे तिने पुढच्या दिवाळीला बी पेरलं ते हे माहीत असताना. पाकीट येईपर्यंत सात महिने रोज माझी वेणी घातली ती हे माहीत असताना. "मग बोलली का नाहीस, आई? मारायचंस मला."

"तू सांगशील असं वाटलं." तिने डोळे मिटले. "म्हटलं, निकालाचं टेन्शन आहे, तो लागला की सांगेल. मग म्हटलं, कॉलेज सुरू झालं की. मग वाटलं, लग्न होऊन जाताना सांगेल. पोरी सांगतात ना तेव्हा." मग म्हणाली, "नावाचं मी केव्हाच सोडलं होतं गं. तुझी वाट बघत होते."

ती तीन आठवड्यांनी गेली.

मृत्यूची नोंद करायला मी गेले तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून चांगला होता, घाई करत नव्हता. नाव, वय, पत्ता. मग त्याने विचारलं, "व्यवसाय?"

मी म्हटलं, "शास्त्रज्ञ. वनस्पतींच्या रोगांच्या."

त्याने वर पाहिलं. "कुठे होत्या नोकरीला?"

मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं.

"काही कागद आहे का तसा, मॅडम? कुठे नाव वगैरे?"

मी मान हलवली. नव्हता.

"मग निवृत्त शिक्षिका लिहितो," तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला. "इथे खाली सही करा."

मी केली.